अकराला दहा कमी

रात्री अकराला दहा कमी असताना
मी बेटावरचे दिवे एकदा मिचकावतो.
म्हणजे केटली ठेवायची तर आत्ता,
विणकामाची ओळ संपवायची तर आत्ता,
भांडण असेल तर उद्यावर टाका.
अकराला डिझेलचं इंजिन बंद.
मग सकाळी सातपर्यंत
हेलिस्केवर फक्त समुद्र चालू.

सव्वीस वर्षं मी इथे दिवे लावतोय.
कुणी तसं म्हणालं की अजून कळत नाही
हे कौतुक आहे की टोमणा.

अडतीस माणसं, चौदा मीटर.
शेडमधला काटा बघून मी सांगतो
कुठल्या घरात काय चाललंय.
पावणेदहाची थरथर म्हणजे लॉरीचा तिसरा चहा,
म्हणजे आज बायको त्याच्याशी बोललेली नाही.
बाबी गेली, तेही काट्यानंच सांगितलं:
सात वाजून पाच मिनिटं झाली,
तिच्या केटलीइतका तो उचललाच नाही.
मी इंजिन तसंच सोडून धावलो होतो.

नोव्हेंबरात सभा भरली.
कंपनीचा माणूस, घडी न मोडलेलं जाकीट,
पडद्यावर आमची टेकडी
आणि टेकडीवर एक पांढरी पवनचक्की,
चित्रात ऊन. (इथे. नोव्हेंबरात.)

रॅस्मी म्हणाला, मेंढ्या तिच्याखाली चरणार नाहीत.
इंगा म्हणाली, बॉन्क्सी पक्ष्यांची घरटी आहेत तिथे,
आपल्याच डोक्यावर चोची मारतात, पण आपले आहेत.
फुकट वीज घरटी द्यायची की माणशी,
यावर सव्वा तास गेला.
सँडर आणि गिबी हे सख्खे भाऊ
बोट विकल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत.
आपण एकाच बाजूला आहोत हे कळताच
दोघांनीही बाजू बदलली
आणि पुन्हा एकाच बाजूला आले.

मग मागून कुणीतरी विचारलं,
'आणि टॅमसचं काय?'
सगळे एकदम हीटरकडे बघायला लागले.
मीही बघितलं. चांगला हीटर आहे,
दोन किलोवॅटचा.

घड्याळात पावणेअकरा. मी उठलो.
ऑस्ला अध्यक्ष. म्हणाली, 'आज अर्धा तास वाढव.'
मी म्हणालो, नियम तुम्हीच केलात,
डिझेल संपत आलं होतं त्या हिवाळ्यात,
याच खुर्च्यांवर बसून.
टाकी एक तृतीयांश होती, हे खरं.
नऊ दिवस बोट आली नव्हती, हेही खरं.
अर्धा तास देता आला असता,
हे तिसरं खरं मी शेडपर्यंत
वाऱ्यात एकटाच घेऊन गेलो.

दिवे मिचकावले. दहा मिनिटं थांबलो. बंद केलं.

दारातून बघतो तर सभागृहाच्या खिडक्या काळ्या.
मग आत एक विजेरी लागली
आणि एकेका हातावरून फिरू लागली.
हात मोजता येत होते,
कुणाचे ते नाही.
हात वर करण्याचे आपल्याकडे दोन अर्थ.
त्या अंधारात कुणी कुठल्या अर्थानं केला,
काट्यालाही सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं विजेरी टेकाड चढून माझ्याकडे आली.
'चौदा-चौदा,' ऑस्ला धापा टाकत म्हणाली, 'तू राहिलास.'

इंजिन अजून कोमट होतं, माझा हात त्यावर.
तिनं त्या हातावर उजेड धरला.
नखांत तेल, अंगठ्याला जुना चटका.

म्हणालो, लिही, बाजूने.
आणि वारा पडेल त्या दिवसांसाठी
हे इंजिन पुसून, फिरतं ठेवायला
एक माणूस पगारावर लागेल, हेही लिही.

तिनं पहिलं लिहून घेतलं.
दुसरं, म्हणाली, पुढच्या सभेत घेऊ.

विजेरी खाली धर, मी म्हणालो,
तिसरी पायरी हलते.